नादारी

चंद्रभान मॅट्रिक पास झाला, तोही पहिल्या वर्गात, आणि देवमनच्या घरात आनंदाच्या पाठोपाठ घोर येऊन बसला. पोरगं नापास झालं असतं तर गोष्टच नव्हती. त्यानं गुमान डवऱ्याला हात घातला असता आणि बापाच्या कमरेला थोडा आराम पडला असता. पण पोरगं हुशार निघालं. शाळेचे हेडमास्तर स्वतः घरी येऊन ओसरीवर बसले, चहा प्याले आणि म्हणाले, "देवमन, याले वावरात जुंपू नको. अमरावतीले पाठव." एवढं बोलून मास्तर आपल्या वाटेनं गेले. पाठवायचं कसं, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

देवमन जानराव पाटलाचं वावर बटईनं करायचा. बी-बियाणं, मेहनत, बैल याचे, जमीन पाटलाची, पीक अर्धं अर्धं. स्वतःचं म्हणावं तर राहतं घर, एक बैलजोडी आणि दोन बकऱ्या. पण कोणाचा एक आणा त्याच्या अंगावर नव्हता. या गोष्टीचा त्याला भारी तोरा होता. देवमननं शब्द दिला म्हणजे काम झालं, असं चांदूर बाजारचे दुकानदारही म्हणत.

कॉलेजची धास्ती त्याला फारशी नव्हतीच, कारण ते कॉलेज आपलं आहे असं तो धरून चालला होता. अमरावतीच्या जिनवाल्या शेटजींनी ते काढलं होतं. पण गावोगावचे लोक त्याला कापसाचं कॉलेज म्हणत. बाजारात कापसाची बंडी उभी राहिली की मापाच्या आधी हमाल कवेत मावेल एवढा कापूस उपसून एका वेगळ्या ढिगावर टाकायचा आणि म्हणायचा, "हा कॉलेजचा." कोणी कुरकुर करत नसे. देवमन तर कवेखाली पडलेलं बोंडही उचलून त्या ढिगावर ठेवायचा. इतकी वर्षं कापूस दिला, आता पोरगा दिला, की झालं.

आषाढ लागायच्या आत बापलेक अमरावतीला गेले. कॉलेजचे खांब दोघांच्या कवेत मावले नसते एवढे जाड. वर घड्याळ, खाली गुळगुळीत फरशी. देवमननं वहाणा काढून हातात घेतल्या. चंद्रभान लाजून म्हणाला, "बाबा, घाला. इथं कोनी काढत नाई." त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि परत घातल्या.

ऑफिसच्या जाळीमागं एक बाबू बसला होता. त्यानं मार्कांचा कागद पाहिला, खूश झाला आणि फीचा आकडा सांगितला. देवमनला वाटलं, आपण चुकीच्या खिडकीवर आलो.

"फी कायची साहेब? आमचा कापूस येते ना इथं."

बाबू हसला. माणूस वाईट नव्हता. "कापूस इमारतीसाठी हो. फी शिकवण्याची."

"इमारत तं बांधून झाली जी. कापूस अजूनबी घेऊन राह्यले."

"ते आता शेटजींना विचारा," बाबू म्हणाला. मग पोराच्या मार्कांकडं पुन्हा बघून त्यानं आवाज खाली आणला. "हे पाहा, सोय आहे. नादारी मागा. तुमच्या पाटलाचा दाखला आणा, तुम्ही नादार आहात असा. पूर्ण फी माफ होईल."

देवमनच्या कानशिलात कोणी वाजवावी तसं झालं. चंद्रभाननं बापाकडं पाहिलं आणि नजर खाली घातली. त्यालाही तो शब्द माहीत होता. गावात शेंबड्या पोरालाही माहीत होता.

गावात नादार एकच होता, डोमाजी. कधीकाळी त्याचंही चार माणसांसारखं होतं. मग कर्ज फिटेना म्हणून कोर्टानं त्याला नादार ठरवलं. दवंडी पिटली, चावडीपुढं त्याच्या घरची भांडी मांडली, आणि गावच्या बायांनी ती दुरून पाहिली. तेव्हापासून डोमाजीला कोणी चाळणीसुद्धा उसनी देत नसे. लग्नाच्या बैठकीत तो येऊन बसला तर बोलणं थांबायचं. त्याची दोन्ही पोरं बिनलग्नाची राहून सुरतेकडं निघून गेली होती.

"अहो, तो कोर्टातला नादार वेगळा आणि हा कॉलेजातला वेगळा," बाबूनं समजूत घातली. "शब्द एक आहे, एवढंच."

परतीच्या वाटेवर चांदूर बाजारपासून गावापर्यंत तो पुढं आणि पोरगा मागं, असे दोघं चालत आले.

घरी बायकोनं, केशरबाईनं, सगळं ऐकून घेतलं. तिचा हात पिठात होता. "शब्दानं काय अंगाले फोड येते?" ती म्हणाली.

"येते," देवमन म्हणाला.

"मंग येऊ द्या. पोट्टा शिकला की जाईन फोड." तिनं भाकर तव्यावर टाकली आणि वर पाहिलंच नाही.

दोन-तीन दिवस गेले. मग एका सकाळी डोक्याला पटका बांधून पाटलाकडं गेला.

जानराव पाटील ओट्यावर हजामत करवून घेत बसले होते. अर्ध्या गालावर साबण होता. देवमनचं काम ऐकून त्यांनी हूं केलं आणि म्हणाले, "लिहून देतो ना. पहिले तेवढी कडब्याची गंजी झाकून दे. आभाळ भरून येऊन राह्यलं."

गंजी झाकायला दुपार उलटली. पळसाची पानं वाहून आणली, थर लावले, वरून काट्या दाबल्या. छातीवर कडब्याची कुसळं रुतली, घामानं ती झोंबत होती. अशी कामं तो पाटलाकडं एरवीही करायचा. बटईदाराला ते चुकत नाही. पण त्या दिवशी प्रत्येक काटी दाबताना त्याला आपण काय विकत घ्यायला आलो आहोत ते आठवत होतं.

पाटलानं दौत काढली. त्यांचा मुलगाही त्याच कॉलेजात होता, एक वर्ष गचकलेला.

"फी पाह्यजेच, देवमन," पाटील लिहिता लिहिता म्हणाले. "नाई तं सकाळी उठला अन् कोनीबी पोट्टा कॉलेजात गेला, असं होईन."

"मंग समद्याइलेच माफ करा म्हना ना, मालक. कॉलेजजवळ काय कमी हाय? तुमच्याबी पोट्ट्याले नका घेऊ फी."

पाटलांचा हात थांबला. "माह्या पोट्ट्याले फुकट? मले काय धाड भरली?"

"तुमाले फुकट भेटो जी. माहं काई म्हननं नाई. मंग कोनाले नादार तं म्हना लागत नाई."

पाटील मोठ्यानं हसले. जो देऊ शकतो त्यालाही फुकट द्या, असं म्हणणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता. ती गोष्ट त्यांनी पुढं चार जणांना सांगितलीही, देवमनच्या भोळेपणाची म्हणून. त्यांनी सही केली, शिक्का उठवला आणि कागद वाळायला धरला.

देवमन घडी कोपरीच्या आत घालून चावडीवरून जात होता. निंबाखाली डोमाजी बसला होता. गावात बातमीला पाय नसतात असं थोडंच आहे.

"ये, बैस," डोमाजीनं बाजूची माती हातानं साफ केली. "आता तूबी माह्याचसारखा."

त्याच्या बोलण्यात टवाळी नव्हती. बिचाऱ्याला खरंच सोबत हवी होती. देवमन मात्र थुंकला आणि झपाझप निघून गेला, आणि घरी पोचेपर्यंत त्याचं त्यालाच वाईट वाटलं.

चंद्रभान अमरावतीला गेला. एका ओळखीच्या माणसाच्या पडवीत राहून हातानं भाकरी थापू लागला. अर्ज आणि दाखला दिला, फी माफ झाली. इकडं पावसाची झड लागली. वावरात कापसाची पऱ्हाटी वीतभर आणि तण हातभर. पोरगा नव्हता म्हणून तण मारायची डवरणी मागं पडली होती, आता वाफसाच होईना. देवमन, केशरबाई आणि लेक सुभद्रा घोंगड्याच्या खोळी पांघरून ओणव्यानं निंदत होती. चिखल खुरप्याला चिकटायचा, दर हातभरावर बोटानं निपटावा लागायचा. संध्याकाळी कंबर सरळ होत नसे.

सुभद्रा चंद्रभानहून मोठी. तिच्या लग्नाला उशीर झाला होता, कारण स्थळं यायची आणि बटईदाराचं घर बघून परत जायची. शेवटी वैशाखात शेंदूरजनाघाटच्या नत्थुजींच्या मुलाशी, श्रावणशी, तिचं साक्षगंध झालं. नत्थुजींची संत्र्याची छोटी बाग होती. पोरगा कामसू होता. नव्या कापसाचे पैसे हातात आले की लग्न करायचं ठरलं होतं.

अशा झडीच्याच एका सकाळी नत्थुजी आले. सांगावा नाही, काही नाही. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलात भरलेलं. केशरबाईनं धावत पाय धुवायला पाणी दिलं, प्यायला तांब्या ठेवला. नत्थुजींनी पाय धुतले, ओसरीवर टेकले, आणि तांब्याला हात लावला नाही.

केशरबाईनं ते पाहिलं. सोयरिकीत काही वाकडं आलं की पाहुणा पाणी घेत नाही, हे तिला माहीत होतं.

"माह्या बहिनीचा पोट्टा त्या कॉलेजात हाय," नत्थुजी म्हणाले. "तिथं ऑफिसापुढं फळा हाय म्हनते. त्याच्यावर मोठ्या अक्षरात लिहून हाय, नादार कोन कोन ते. पोराचं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव."

देवमनला फळ्याची गोष्ट माहीतच नव्हती. "ते कोर्टातलं नादार नोहे, इवाई. ते फीपुरतं हाय. तिथचा बाबू म्हने, शब्द तेवढा येक हाय."

"फीपुरतं नादार? बाई अर्धी पोटुशी असते काय?"

आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. सुभद्रा घरातच होती.

नत्थुजी जरा वरमले. माणूस तोही सरळच होता. "मले समजते हो. तुमी कसे हा, मले काय माहीत नाई? पन मी घरोघर जाऊन समजावत हिंडू काय? माहे भाऊबंद म्हनतेत, नादाराची पोरगी आनून राह्यला. बागेवर माह्या भावाचाबी हिस्सा हाय. तो आडवा पडला."

"मंग काय करू मी?"

"फी भरा अन् नाव काढून आना फळ्यावरून. मी पोळ्याच्या बादमंदी येतो अन् तारीखच धरून टाकतो. नाई जमलं तं..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. पाऊस थांबायची वाटही न बघता ते उठले. तांब्या भरलेला तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी केशरबाई अंग मोडून आल्यानं पडून होती. वावरात बाप आणि लेक दोघंच. पाण्यानं सुभद्रेच्या बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती. तिला असं पाहून देवमनला वाटलं, ही आता म्हणेल, जाऊ द्या बाबा, भाऊ शिकू द्या. पोरींनी असं म्हणायची रीत आहे. ती तसं म्हणाली असती तर त्याला रडता आलं असतं आणि मोकळंही होता आलं असतं.

"तुले काय वाटते, सुभद्रे?" त्यानं विचारलं.

ती ओळीच्या शेवटापर्यंत गेली, तण बांधाच्या धुऱ्यावर फेकलं आणि तिथूनच म्हणाली, "मले जायचं हाय त्या घरी."

देवमननं खुरप्याचा चिखल बोटानं निपटला.

"चंद्यानं शिकावं असं मलेबी वाटते. पन तुमी मले पुसता, तं मले जायचं हाय. माह्यासंगच्या साऱ्या पोरी लेकुरवाळ्या झाल्या. साक्षगंधाच्या दिवशी त्यानं माह्याकडं पाह्यलं अन् हासला तो. मी खोटं काहून बोलू?" मग तिनं तोंड फिरवलं आणि पुढची ओळ धरली.

देवमनला तिचा राग आला नाही. उलट बरं वाटलं. आपल्यासमोर कोणी खरं बोललं की बापाला काय करायचं ते कळतं. त्याच आठवड्यात त्यानं चांदूर बाजारच्या बाजारात दोन्ही बकऱ्या विकल्या. केशरबाईनं भाड्यापुरते पैसे त्यातून वेगळे काढून त्याच्या धोतराच्या सोग्यात बांधले, फीचे कोपरीच्या आतल्या खिशात घातले. अमरावतीच्या मोटारीत बसल्यावर किती दिवसांनी त्याला हलकं वाटत होतं. फी भरायची, नाव पुसायचं. पोरगाही शिकेल, पोरगीही नांदेल. हे आधी का सुचलं नाही, म्हणून तो स्वतःलाच मनात शिव्या घालत होता.

फळा खरंच ऑफिससमोर होता. त्याला वाचता येत नव्हतं, पण खडूची ती पांढरी अक्षरं पाहून त्यातली आपली कोणती असतील याचा तो अंदाज घेत उभा राहिला. मग खिडकीशी गेला. फी भरण्याची मुदत होती, रांग लागली होती. इस्त्रीच्या कपड्यांतले बाप आणि पोरं. जानराव पाटलांचा मुलगाही होता. त्यानं देवमनला ओळखलं आणि दुसरीकडं पाहिलं.

"साहेब, ते नादारी नोको मले," देवमननं पैसे जाळीखालून सरकवले. "फी घ्या अन् फळ्यावरून नाव तेवढं पुसा."

बाबूनं पैशांकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. आधीचा हसरा बाबू तोच, पण आता त्याच्या मागं त्याचे वरचे साहेब उभे होते. तेच पुढं आले.

"म्हणजे तुम्ही नादार नव्हता?"

"नव्हतो जी. कधीच नव्हतो." देवमननं छाती पुढं काढून सांगितलं.

"मग दाखला खोटा."

"खोटा कसा जी? पाटलानं देल्ला."

"मग पाटील खोटे. हे पैसे कुठून आले?"

"बकऱ्या इकल्या."

"बकऱ्या होत्या? अर्जात लिहिलं नाही ते."

"बकऱ्या कोन लिहिते जी अर्जात?"

रांगेतलं कोणी तरी फिसकन हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी शांतपणे नियम सांगितला. खोटं लिहून नादारी घेतली तर मुलाचं नाव कमी होतं, आणि त्या वर्षी दुसऱ्या कॉलेजातही घेत नाहीत. पाटलाविरुद्धही वर लिहावं लागतं. "संस्था धर्मादायावर चालते," ते म्हणाले. "ज्याला त्याला फुकट वाटायला आम्ही बसलो नाही. म्हणून तर नावं फळ्यावर लावतो. लाज असेल तो खोटं मागणार नाही."

धर्मादाय हा शब्द देवमनला नीट कळला. हमाल कवेनं कापूस उपसायचा त्यालाच बाजारात धर्मादाय म्हणत. तेव्हा तू कोण, तुझ्याकडं बकऱ्या किती, असं कोणी पुसलं नव्हतं. त्याच्या ओठावर आलं होतं ते, पण पोराचं नाव कमी होतं एवढंच त्याच्या कानात वाजत होतं. पाटलाविरुद्ध लिहिलं तर वावरही जाणार होतं.

कोणी तरी चंद्रभानला वर्गातून बोलावून आणलं. तो जाळीपाशी येऊन उभा राहिला. अंगात धुतलेला सदरा, बोटांना शाई. त्याला काहीच माहीत नव्हतं.

"मुलगा चांगला आहे," बाबू हळूच म्हणाला. "उगीच घोळ घालू नका. एक काय ते सांगा, मी कागद मिटवतो."

"सांगा," साहेब म्हणाले. "नादार आहात की नाही?"

देवमनला वावरातली सुभद्रा दिसली, धुऱ्यावर तण फेकून सरळ बोलणारी. त्यानं डोळे मिटले, तरी ती जाईना. पाटलानं त्याला नादार लिहिलं होतं, फळ्यानं नादार म्हटलं होतं, डोमाजीनं शेजारी जागा दिली होती. पण आजपर्यंत त्यानं स्वतःच्या तोंडानं स्वतःला नादार म्हटलं नव्हतं.

"हाय," तो म्हणाला.

"काय? मागच्यांच्या गलक्यात ऐकू येत नाही."

"नादार हाय मी. नादार हाय जी."

गलका थांबला. पाटलांच्या मुलानं पैसे मोजता मोजता मान वर केली. बाबूनं नोटा जाळीखालून परत सरकवल्या. त्या गोळा करताना देवमनच्या हातून एक नोट खाली पडली, ती चंद्रभाननं वाकून उचलली.

दोघं बाहेर पायऱ्यांवर आले. पाऊस उघडला होता.

"काहून आलते बाबा तुमी?" चंद्रभाननं विचारलं. त्याचा चेहरा शरमेनं लाल झाला होता. "एवढ्या लोकाइत... फी तं माफ झाली होती ना."

"माफ कुठी झाली?" देवमन म्हणाला. "तुह्या बहिनीनं भरली. नाई म्हनत होती ते, तरी तिच्याकून भरून घेतली मी. आत्ता, तुह्यासमोर."

चंद्रभानला कळेना. मग देवमननं नत्थुजी आले होते ते सांगितलं, त्यांनी पाणी घेतलं नाही ते सांगितलं, आणि आता ते परत येणार नाहीत हेही सांगितलं. सुभद्रा काय म्हणाली होती ते त्यानं एक शब्द न गाळता सांगितलं. ऐकता ऐकता पोरगा पायरीवर बसला आणि गुडघ्यांत तोंड घालून रडू लागला. "मी येतो गावाले," तो म्हणाला. "नाई शिकत मी."

आत घंटा झाली. पोरं धावत वर्गाकडं निघाली. देवमननं त्याला दंडाला धरून उभं केलं, इतकं घट्ट की दंड दुखला असेल.

"जाय," तो म्हणाला. "लय महाग पडली हे फी. येकबी तास बुडवू नोको."